दीर म्हणतोय, ‘वहिनी, तुम्ही फक्त उभ्या राहा, बाकीचं आम्ही बघतो’

आधी पत्र, 2025 च्या नगरपरिषद निवडणुकीच्या तोंडावर आलेलं, थोडं कापून देते.

“अक्का, नमस्कार. आमचं गाव कोल्हापूर जिल्ह्यातलंच, क वर्ग नगरपरिषद आहे, नाव छापू नका. माझं वय 36, बारावी झालीय, मुलं दोन. मी एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते, बाजारपेठ आणि तिच्या मागच्या तीन गल्ल्या माझ्या लाईनीत आहेत. ऑक्टोबरच्या आरक्षणाच्या सोडतीत आमच्या प्रभागात सर्वसाधारण महिला पडली आणि त्या दिवसापासनं घरात दुसरा विषय न्हाई. दीर म्हणतात आघाडीचं तिकीट मी आणतो, वहिनी तुम्ही फक्त उभ्या राहा, बाकीचं आम्ही बघतो. दीर गटारीची आणि पेव्हिंग ब्लॉकची कामं घेतात त्यामुळं त्यांची वर ओळख आहे. मिस्टर म्हणतात तू ठरव, पण म्हणताना भावाकडं बघतात. सासूबाई म्हणतात पंधरा लाख घालून मग खायचं काय. मला मनातनं उभं राहावं वाटतंय, खोटं कशाला बोलू. पिग्मीला फिरताना लोकं मलाच सांगतात पाणी आलं न्हाई, घंटागाडी आली न्हाई, आणि मी दोन-चार कामं करूनबी घेतलीत. पण मला भाषण येत न्हाई आणि पैसे वाटल्याशिवाय कोण निवडून येतंय का हल्ली? उभी राहू का नको ते सांगा.”

ताई, उभ्या राहा. उत्तर आधीच देऊन टाकते, कारण कार्यक्रम जाहीर झालाय, 10 नोव्हेंबरपासनं फॉर्म घेणार, 17 शेवटची तारीख, 2 डिसेंबरला मतदान, आणि मी इथं गोल गोल फिरत बसले तर तोवर दीर फॉर्म भरून तुमच्यापुढं सहीला ठेवतील. उभ्या राहा पण दीर सांगतायत त्या पद्धतीनं नको. पुढचं सगळं त्या पद्धतीबद्दलच आहे.

मी कुठनं बोलतेय ते सांगते. नोकरीतली बरीच वर्षं नगरपरिषदेच्या सभागृहात कोपऱ्यातल्या टेबलावर बसून मी इतिवृत्त लिहिलंय. कोण बोललं, कोण सूचक, कोण अनुमोदक, कुणाचा विरोध, ठराव सर्वानुमते का बहुमताने, सगळं माझ्या हाताखालनं गेलंय. त्यात अशा कितीतरी नगरसेविका बघितल्या की ज्यांचं नाव प्रत्येक ठरावाला अनुमोदक म्हणून आहे आणि पाच वर्षांत आवाज कसा आहे ते मला माहीत नाही. चहा आला की चहा घ्यायच्या, रजिस्टरवर सही करायच्या, सभा संपली की खाली यायच्या. आणि खाली गेटजवळ बुलेटवर बसलेले साहेब मला विचारायचे, मॅडम आमच्या विषयाचं काय झालं ओ? बायकोला नाही विचारायचे, मला! ती शेजारीच उभी असायची, पर्स धरून. वर सभागृहात शाहू महाराजांच्या फोटोला हार आणि बाहेर चौकातल्या फ्लेक्सवर नगरसेविकेपेक्षा नवऱ्याचा फोटो मोठा, असला आपला कोल्हापुरी कारभार. 2011 पासनं आपल्या राज्यात निम्म्या जागा बायकांना आहेत, म्हणजे शंभरातल्या पन्नास खुर्च्यांवर बाई बसतेच बसते, पण त्या खुर्चीवरनं बोलतंय कोण हे सोडतीत ठरत नाही.

दुसऱ्या पण बघितल्या. एक होत्या, शिकलेल्या फार नव्हत्या, घरची खानावळ होती. त्या सभेच्या आदल्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक संपल्यावर ऑफिसला यायच्या आणि म्हणायच्या विषयपत्रिकेतला सहा नंबरचा विषय जरा समजून सांगा, ह्यात पैसे कुठल्या फंडातनं जाणार. सुरुवातीला आमचेच लोक हसायचे. नंतर त्या आल्या की बांधकामवाले साहेब फाईल नीट लावून ठेवायला लागले. तुम्ही दहा-दहा रुपयांची पिग्मी गोळा करून संध्याकाळी पैशापैशाचा हिशोब जुळवता, तुम्हाला अंदाजपत्रक जमणार नाही असं मला कुणी सांगू नये.

आता तुमच्या पत्रातल्या त्या ओळीवर येते जी तुम्ही सहज लिहून पुढं गेलात. दीर गटारीची आणि पेव्हिंग ब्लॉकची कामं घेतात. ताई मला तर सगळं पत्र त्या एका ओळीत दिसलं. दीर वाईट आहेत असं मी म्हणत नाही, मी त्यांना ओळखत पण नाही, आणि कामं घेणं हा गुन्हा पण नाही. पण बघा कसं असतं. गटार झाली की अभियंता येऊन मोजमाप घेतो, ते मोजमाप पुस्तकात चढतं, एमबी म्हणतात त्याला, मग बिल तयार होतं, आणि बिल निघताना ठेकेदाराला एकच नको असतं ते म्हणजे त्या प्रभागातल्या नगरसेवकाची तक्रार. स्लॅब पातळ घातलाय, उतार उलटा काढलाय, ब्लॉक महिन्यात निघालेत, हे सगळ्यात आधी कुणाला कळतं? प्रभागात रोज चालत फिरणाऱ्या माणसाला. म्हणजे तुम्हाला. तुम्ही नगरसेविका झालात आणि गल्लीतल्या म्हातारीनं सांगितलं की बाई गटारीचं पाणी घरात येतंय, तर तुमची तक्रार कुणाच्या बिलावर जाणार? ह्याचं उत्तर निवडून आल्यावर शोधत बसायचं नसतं, ते आत्ता जेवताना सगळ्यांसमोर विचारायचं असतं.

आणि कायद्याचं पण आहे. आपला जो 1965 चा नगरपरिषदांचा अधिनियम आहे त्यात स्पष्ट आहे की उमेदवाराचा नगरपरिषदेच्या कामात, ठेक्यात स्वतःचा किंवा भागीदारामार्फत प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष हिस्सा असला तर तो अपात्र. दीर वेगळे, त्यांचा धंदा वेगळा, तर नुसत्या नात्यानं तुम्ही बाद होत नाही. पण तुमच्या मिस्टरांचं नाव त्या फर्मच्या कागदावर भागीदार म्हणून आहे का, तुमच्या नावावर कधी कुठला चेक घेतलाय का, जीएसटी नंबर कुणाचा, मशीन तुमच्या नावावरच्या कर्जातनं घेतलंय का, हे एकदा वकिलाला दाखवा. आपल्याकडं घरातल्या बाईच्या नावावर काय काय असतं हे त्या बाईलाच शेवटी कळतं. छाननीच्या दिवशी समोरचा गट हेच कागद घेऊन येणार आहे, तुम्ही आधी बघितलेले बरे.

दीरांना परीक्षेला बसवायचंय? एकच प्रश्न विचारा. पत्रकावर मोबाईल नंबर कुणाचा छापायचा? बास, एवढाच. तिकीट कोण आणतंय, गाड्या कुणाच्या, बूथवर कोण, हे सगळं नंतर. पत्रकावर, बॅनरवर, सोशल मीडियावर तुमचा नंबर जाणार आणि तो फोन तुमच्याच पिशवीत राहणार. दीर हसून म्हणाले की बरं वहिनी तुमचा घालू, तर माणूस सरळ आहे, काम होईल. आणि जर म्हणाले की नको ओ वहिनी लोकं रात्री-अपरात्री फोन करतात, माझा घालूया, मी बघतो, तर तुम्हाला कळलं की निवडणूक नक्की कोण लढवतंय. मिस्टर त्यावेळी कुणाकडं बघतात ते पण बघून घ्या. सभागृहात जाऊन बोलायचा, मत द्यायचा, सही करायचा अधिकार निवडून आलेल्या सदस्याचा असतो, नवऱ्याचा नाही, दिराचा तर नाहीच, आणि उद्या चुकीच्या ठरावाची चौकशी लागली तर नोटीस पण तुमच्याच नावानं येणार.

लोकं तुम्हालाच पाणी आलं नाही म्हणून का सांगतात ह्याचा विचार केलाय? तुमच्यासारख्या बहुतेक नगरपरिषदांमध्ये शेवटचं मतदान झालं 2016 च्या नोव्हेंबरात. त्यांची मुदत 2021 च्या शेवटाला संपली, मग ओबीसी आरक्षणाचं प्रकरण सुप्रीम कोर्टात, प्रभाग रचना, परत प्रभाग रचना, असं करत करत शेवटी 2025 च्या मे महिन्यात कोर्टानं सांगितलं की निवडणुका घ्या. मधली सगळी वर्षं प्रशासक. प्रशासक कामं करतच नव्हते असं नाही, पण दारात येऊन काय झालं असं विचारणारं कुणी नव्हतं, माजी नगरसेवक म्हणायचे आता आमचं कुठं चालतंय. त्या रिकाम्या जागेत रोज सकाळी तुम्ही पासबुक घेऊन जात होता. म्हणजे ताई, तुम्ही निम्मं काम न निवडून येता केलेलं आहे आणि हे गावात सगळ्यांना माहीत आहे, दिरांना पण. म्हणून तर त्यांनी जाऊबाईंना नाही, तुम्हाला विचारलं.

पैशाचं बोलूया. पंधरा लाखाचा आकडा सासूबाईंनी स्वतःच्या मनानं काढलेला नसणार, कट्ट्यावर तो फिरतोय. निवडणूक आयोगानं क वर्ग नगरपरिषदेच्या सदस्याला खर्चाची मर्यादा घातलीय 2 लाख 50 हजार. त्यासाठी वेगळं बँक खातं उघडायचं, खर्च त्यातनंच करायचा, रोजचा हिशोब द्यायचा आणि निकालानंतर 30 दिवसांत शेवटचा हिशोब जमा करायचा. तो दिला नाही तर 3 वर्षं अपात्र ठरवू शकतात, आणि ही कारवाई हरलेल्यांवर पण होते, हरलं की लोकं हिशोब द्यायचं विसरतात. अडीच लाखात पत्रकं, रिक्षा, दोन बॅनर, कार्यकर्त्यांचा चहा-मिसळ, सगळं बसतं. मग राहिलेले साडेबारा लाख कशाचे? ते तुम्हाला पण माहीत आहे आणि मला पण. साड्या, आदमापूरची नाहीतर पंढरपूरची फुकट ट्रिप, तालमीला स्पीकर, तांबडा-पांढऱ्याच्या पंगती, आणि शेवटच्या रात्री पाकीट.

तुम्ही विचारलंय वाटल्याशिवाय कोण येतं का. येतं. नेहमी नाही, पण येतं, आणि वाटून पडलेले तर मी भरपूर बघितलेत. पाकीट घेणारं घर एकाकडनं घेत नाही, सगळ्यांकडनं घेतं, भंडाऱ्यावर हात ठेवून दोघांना शब्द देतं आणि तिसऱ्यालाच मत टाकून येतं, आणि मला त्यात काही फार वाईट पण वाटत नाही कारण ज्यानं देवाला मध्ये घातलं त्याच्याबरोबर ते तसंच व्हायला पाहिजे. पण तुमची गोष्ट वेगळी आहे. भारतीय न्याय संहितेत मतासाठी लाच देणं-घेणं कलम 170 मध्ये येतं, शिक्षा 173 मध्ये, एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पोलीस पकडतील न पकडतील ते सोडा. साडेबारा लाख जो घालतो तो ते परत काढतो, आणि तुमच्या घरात ते काढायचा रस्ता गटारीतनं जातो, एवढं साधं गणित आहे. त्यामुळं आत्ताच, तिकीट यायच्या आधी, दिरांना सांगा की माझ्या नावावर वाटप होणार नाही. 1 डिसेंबरच्या रात्री सांगून उपयोग नाही, तोवर पाकिटं भरलेली असतात आणि मग तुम्ही नको म्हणालात तरी ती जाणारच. आणि गंठण, पाटल्या, घराचे कागद, ह्यातलं काहीही ठेवून पैसे उचलायचे नाहीत. सासूबाईंना बाजूला घेऊन हे सांगा, घरात तुमच्या बाजूनं बोलणाऱ्या त्याच निघतील बघा.

आता पिग्मी. हा विषय तुम्ही पत्रात काढलाच नाही आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे.

तुमची सगळी पत त्या पासबुकावर उभी आहे. ज्या दिवशी तुमचं नाव जाहीर होईल त्या दिवशी संध्याकाळी बाजारपेठेत कुणीतरी हळूच सोडणार, पिग्मीचे पैसे निवडणुकीत लावलेत म्हणे. बास. भाजीवाला, टपरीवाला, वडापवाला, ज्यांनी लेकीच्या लग्नाला म्हणून रोजचे पन्नास-शंभर तुमच्या हातात दिलेत, ते दुसऱ्या दिवशी पासबुक घेऊन दारात. एखाद्यानं पैसे मागितले आणि संस्थेनं चार दिवस लावले तर मत सोडा, बाजारातनं चालणं अवघड होईल. म्हणून फॉर्म भरायच्या आधी पतसंस्थेत जा, मॅनेजरला आणि चेअरमनला दोघांना सांगा की मी उभी राहतेय, मतमोजणीपर्यंत माझी लाईन दुसऱ्या एजंटला द्या. प्रत्येक खातेदाराची शिल्लक मशीनमध्ये आणि पासबुकात जुळवून घ्या, ज्याला पाहिजे त्याला संस्थेचा शिक्का मारलेला उतारा द्यायला सांगा, आणि नवीन एजंटला घेऊन एकदा स्वतः लाईनवर फिरा. दुकानदाराला तोंडावर सांगा, काका आजपासनं महिनाभर हे येतील, तुमचे एवढे एवढे जमा आहेत, बघून घ्या. हे केलंत ना तर विरोधकांच्या हातातली एक गोष्ट गेली, आणि न बोलता तुमचा प्रचार पण झाला.

चेअरमन कुठल्या गटाचा आहे हे पण बघा. आपल्या जिल्ह्यात पतसंस्था, सेवा सोसायटी, दूध संस्था, तालीम, कुठलीच बिनगटाची नाही. चेअरमन समोरच्या आघाडीबरोबर असला तर तुम्हाला लाईन परत द्यायची नाही असं ठरू शकतं, आणि तुमच्या घरात दर महिन्याला येणारं कमिशन तेच आहे. त्यामुळं लाईन तात्पुरती दिलीय आणि निकालानंतर परत मिळणार असं त्यांच्याकडनं लेखी घ्या. नुसतं तोंडी बरं-बरं म्हणाले तर घरी येऊन मिस्टरांबरोबर बसून विचार करा की कमिशन गेलं तर सहा महिने कसं भागवायचं. हा हिशोब पटला नाही तर ह्या वेळी थांबलात तरी मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. नगरसेवकाच्या मानधनावर घर चालतं असं ज्यांना वाटतं त्यांनी ते कधी घेतलेलं नसतं.

एक अजून. खातेदारांची नंबर असलेली यादी तुमच्याकडं आहे, ती संस्थेची आहे, त्या नंबरांवर प्रचाराचे मेसेज टाकू नका, आणि दिरांच्या पोरांना तर ती दाखवू पण नका. मतदार यादी सगळ्या उमेदवारांना मिळते, ती घ्या आणि तिच्यावर बसा. ही यादी विधानसभेच्या यादीतनं प्रभागवार फोडलेली असते, 1 जुलैपर्यंत ज्यांची नावं होती तीच आहेत. एक-एक पान घेऊन पेन्सिलनं खुणा करा, वारलेत कोण, लग्न होऊन गेल्या कोण, पुण्याला कंपनीत कोण, दोन ठिकाणी नाव कुणाचं. तुम्हाला हे कुणाला विचारायला लागणार नाही, बाकीच्या उमेदवारांना पोरं लावायला लागतात ह्याला. छोट्या प्रभागात वीस-पंचवीस मतांत निकाल फिरतो तो इथं फिरतो, सभेत नाही.

भाषणाचं म्हणाल तर तुमच्या प्रभागात भाषण ऐकायला कोण येतंय? अडीच-तीन हजार मतदार, त्यातले निम्मे तुम्हाला नावानं हाक मारतात. दारात उभं राहून दोन मिनिटं बोलायचं, जसं रोज बोलता तसंच. फक्त गावाचा विकास करणार असलं काही म्हणू नका, ते सगळेच म्हणतात आणि ऐकणाऱ्याच्या कानावरनं जातं. पाण्याचं एक काम धरा. कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी येतं, वॉलमन कोण, कुठल्या टोकाला दाब पडत नाही, हे तुम्हाला पाठ आहे. सांगा की पाणी सोडायची वेळ गल्लीवार लिहून चौकात बोर्ड लावायला लावणार आणि वेळ बदलली तर आदल्या दिवशी कळवायला लावणार. लहान काम आहे, पण ह्याला निधी लागत नाही, मंत्रालयात जायला लागत नाही, आणि झालं का नाही ते प्रत्येक बाईला सकाळी बादली लावली की कळतं. मोठ्या पाणी योजनेच्या गप्पा नगराध्यक्षाच्या उमेदवाराला मारू द्या.

सभागृहात गेल्यावर पण भाषण लागत नाही. माझ्या अनुभवानं दोन वाक्यं पुरतात. एक, ह्या कामाचं मोजमाप पुस्तक दाखवा. दुसरं, माझा विरोध इतिवृत्तात नोंदवा. हे दुसरं वाक्य स्पष्ट, नाव घेऊन म्हणायचं आणि पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त कायम करायला येतं तेव्हा ते नोंदवलंय का बघायचं, कारण लिहिणाऱ्यावर पण दबाव असतो, मला माहीत आहे तो. महिला व बालकल्याण समिती मिळाली की बायका नाराज होतात, बांधकाम पाहिजे असतं सगळ्यांना, पण महिला-बालकल्याणाला अंदाजपत्रकात 5 टक्के ठेवायचे असतात, दिव्यांगांसाठी पण 5 टक्के, आणि ते कुठं खर्च झाले हे कुणी विचारलं नाही की हळदीकुंकवात आणि शिलाई मशीनच्या फोटोत जातात. तिथं बसून तुमच्यासारखी बाई खूप काही करू शकते.

आघाडी का अपक्ष? दिरांनी आणलेली आघाडी आहे म्हणून नाही म्हणू नका. तुमच्या नगरपरिषदेत प्रभागातनं दोन सदस्य जाणार, म्हणजे मतदार दोन मतं सदस्यांना आणि तिसरं थेट नगराध्यक्षाला देणार. अपक्ष म्हणून उभं राहिलात तर तीन बटणांतलं एक तुमचं आहे हे प्रत्येक म्हातारीला शिकवत बसायला लागतं, पॅनेल असलं तर ते आपोआप होतं. पण पॅनेलमधला तुमचा जोडीदार कोण आहे ते बघून घ्या, त्याच्या नावाचा राग तुमच्यावर निघतो, आणि क्रॉस मत तर होतंच, तुम्हाला देणारे त्याला देतीलच असं नाही, त्याची पोरं मग तुमच्यावर डूख धरतात. आणि हे पण माहीत असू द्या की पक्षांतरबंदीचा 1986 चा कायदा स्थानिक आघाडीला पण लागतो. व्हीप, म्हणजे मत कुणाला द्यायचं ह्याचा आघाडीचा आदेश, मोडला तर जिल्हाधिकाऱ्यांकडं अर्ज जातो आणि पद जाऊ शकतं. म्हणजे आघाडीत जायचं तर आघाडीचा नेता कोण, तो गटारीच्या बिलावर कुठल्या बाजूला असतो, हे आधीच विचारून घ्यायचं. नेत्याला भेटायला दीर एकटे जाणार असतील तर जाऊ देऊ नका, तुम्ही पण गाडीत बसा. चहा येईपर्यंत गप्प बसलात तरी चालेल, पण तिथं तुम्ही दिसला पाहिजेत.

आघाडीनं ऐनवेळी दुसरीला तिकीट दिलं तर? होतं असं, शेवटच्या दिवशी दुपारी पण होतं. मग अपक्ष लढायचं का माघार घ्यायची हे आजच मनात ठरवून ठेवा आणि कुणाला सांगू नका. माघारीच्या आदल्या रात्री दारात गाड्या येतात, काहीतरी देतो म्हणतात, स्वीकृत करतो, म्हणजे निवडणूक न लढवता सदस्य करून घेतो म्हणतात. स्वीकृत सदस्याचा शब्द एका जागेसाठी किमान पाच जणांना दिलेला असतो.

कागदांचं पटकन सांगते. फॉर्म आयोगाच्या वेबसाईटवर भरून प्रिंट काढून सही करून द्यायचा असतो, सायबर कॅफेत दीर जाणार असले तरी शपथपत्र तुम्ही स्वतः वाचा, त्यात मालमत्ता, कर्ज, गुन्हे, शिक्षण सगळं तुमच्या नावानं आहे. सूचक तुमच्याच प्रभागातले मतदार पाहिजेत, पलीकडच्या प्रभागातले पाहुणे चालत नाहीत. जागा सर्वसाधारण महिला आहे त्यामुळं जात पडताळणीचा घोळ तुम्हाला नाही. दोन मुलं आहेत तेव्हा 12 सप्टेंबर 2001 नंतरच्या तिसऱ्या अपत्याचा नियम पण आडवा येत नाही. शौचालयाचा दाखला लागेल. आणि घरापुढं पत्र्याचा शेड, वर वाढवलेली खोली असलं काही विनापरवाना आहे का बघा, कारण सदस्यानं किंवा तिच्या नवऱ्यानं केलेलं अनधिकृत बांधकाम हे निवडून आल्यावर पण पद घालवतं. गावात निम्म्या घरांना असं काहीतरी असतं आणि हरलेला उमेदवार पहिला टेप घेऊन तिथंच येतो.

घरपट्टी आणि पाणीपट्टीची थकबाकी राहिली की फॉर्म उडतो. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्या नावाची पण बघून घ्या, जुनी पाचशे-सातशेची राहिलेली असते आणि कुणाच्या लक्षात नसतं. हे काम आज करा, उद्या पतसंस्थेत जायच्या आधी. 14 तारखेनंतर त्या खिडकीपुढं सगळे पक्ष, सगळे अपक्ष आणि त्यांचे नवरे एकदम उभे असतात, आणि थकबाकी नसल्याच्या दाखल्यावर सही करणारा माणूस नेमका जेवायला गेलेला असतो.